हिरवं सोनं खोटं नसतं

आमच्याकडे आजीचं एक सोन्याचं, अंबाड्यात माळायचं फूल आहे. फूल पिवळं धम्मक आणि त्याच्या खाली दोन पानं, ती मात्र पिवळी नाहीत, लिंबाच्या सालीवर पिकायच्या आधी जी झाक असते ना तशी हिरवटसर. लहानपणापासून ऐकत आले की पानं हलक्या सोन्याची आहेत, सोनाराने तेव्हा आजीला फसवलं, आणि आजी बिचारी लग्नाकार्यात ते फूल माळताना पानं केसांत आत खोचून दडवायची. मागच्या दिवाळीआधी आईने ते आटवायचंच ठरवलं. इंदूरच्या राजवाड्याजवळच्या एका दुकानात दाखवलं तर काउंटरवरच्या माणसाने पानाची कसोटीवर एक रेघ ओढली, तोंड वाकडं केलं आणि "मिलावट आहे, पानांचे अर्धेच पैसे धरू" म्हणून मोकळा झाला. आईचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं, कारण तिच्यासाठी तो भावाचा प्रश्न नव्हता, तिच्या आईला कोणीतरी फसवलं होतं हे परत एकदा ऐकणं होतं.

म्हणून मी ते सराफ्यात घेऊन गेले. सराफा म्हटलं की इंदूरबाहेरच्या लोकांना रात्रीचं भुट्ट्याचं कीस आणि गराडूच आठवतात, पण तीच गल्ली दिवसा सोन्याचांदीची असते आणि आतल्या बोळांमध्ये वरच्या मजल्यांवर कारीगर बसलेले असतात. तिथे आमच्या ओळखीचे एक म्हातारे काका आहेत, त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, पान उलटसुलट केलं आणि म्हणाले, "बेटा, हे तर हिरवं सोनं आहे. मुद्दाम केलंय. फसवणारा इतकी मेहनत नाही करत." मग टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढायच्या मशीनवर ठेवलं, मिनिटाभरात आकडे आले: सोनं जवळपास ७५ टक्के, चांदी २२-२३, उरलेलं तांबं. म्हणजे सरळसरळ १८ कॅरेट, आणि पान हिरवं दिसावं म्हणून कोणीतरी विचार करून चांदी घातलेली. त्या दिवसापासून मी ह्या विषयाच्या मागे लागले आणि जे कळलं ते इथे लिहून ठेवते, कारण आमच्यासारखे पुष्कळ लोक असतील ज्यांनी चांगला दागिना "रंग उतरलाय" म्हणून आटवून टाकला असेल.

आधी कॅरेटचं गणित, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. शुद्ध सोनं म्हणजे २४ भागातले २४ भाग सोनं. २२ कॅरेट म्हणजे २४ पैकी २२, साधारण ९१.६ टक्के, म्हणून शिक्क्यावर ९१६ असतं. १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के, शिक्का ७५०. आता नीट लक्ष द्या, हा आकडा फक्त सोनं किती आहे ते सांगतो, उरलेल्या २५ टक्क्यांत काय घातलंय ते तो सांगतच नाही. आणि रंग ठरतो तो त्या उरलेल्या भागावर! त्या २५ टक्क्यांत सगळी चांदी घातली की सोनं हिरवट पिवळं होतं. सगळं तांबं घातलं की लालसर, ज्याला आजकाल रोझ गोल्ड, रेड गोल्ड म्हणतात त्या बाजूचं. दोन्ही अर्धं अर्धं घातलं की आपलं नेहमीचं पिवळं. पॅलेडियम किंवा निकेल घातलं की पांढरं, म्हणजे व्हाइट गोल्ड. चारही दागिन्यांवर ७५० हाच शिक्का आणि चारहींत सोनं अगदी तितकंच. रंग बघून शुद्धता सांगणारा माणूस म्हणूनच चुकतो, आणि आपण आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच करतो.

तुम्ही म्हणाल पाव हिस्सा चांदीने एवढा रंग कसा बदलेल. तर ते २५ टक्के वजनाने आहेत. चांदीचा अणू सोन्याच्या अणूपेक्षा बराच हलका, वजन जवळपास निम्मं, त्यामुळे तेवढ्याच वजनात चांदीचे अणू जास्त बसतात. हिशोब केला तर ह्या १८ कॅरेटच्या हिरव्या सोन्यात दर १०० अणूंमागे ६२ सोन्याचे आणि ३८ चांदीचे निघतात. म्हणजे प्रत्येक पाच अणूंतले जवळजवळ दोन चांदीचे. मग रंग बदलणारच ना. आणि २२ कॅरेटमध्ये सगळा भराव चांदीचा घातला तरी १०० मागे १४ च्या आसपासच अणू चांदीचे येतात, म्हणून २२ कॅरेट कधी हिरवं दिसत नाही, फार तर जरा फिकं, लिंबू रंगाचं दिसतं.

आता चांदी पांढरी आणि सोनं पिवळं, दोन्ही मिसळून हिरवं कुठून आलं? मला हा प्रश्न सगळ्यात जास्त छळत होता, कारण आपण शाळेत रंगपेटीत पिवळ्यात पांढरा मिसळला की फिका पिवळाच व्हायचा. पण धातू म्हणजे रंगपेटी नाही. धातूचा रंग म्हणजे तो कुठला प्रकाश गिळतो आणि कुठला परत फेकतो त्याचा हिशोब. चांदी आपल्याला दिसणारे सगळे रंग जवळपास सारखे परत फेकते, तिची गिळायची हद्द सुरू होते ती आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अल्ट्राव्हायोलेटमध्ये, म्हणून ती पांढरी. सोनं जांभळा आणि निळा प्रकाश गिळून टाकतं आणि हिरवा, पिवळा, लाल परत देतं, ते तिन्ही मिळून आपल्याला पिवळं दिसतं. म्हणजे हिरवा प्रकाश सोन्यातून आधीपासूनच परत येत असतो, फक्त लालपिवळ्याच्या गर्दीत तो वेगळा जाणवत नाही. सोन्यात चांदी मिसळत गेलो की गिळायची हद्द हळूहळू जांभळ्याकडे सरकते, त्यामुळे हिरव्याकडचा आणि थोडा निळसर प्रकाश जास्त परत यायला लागतो, तराजूचं पारडं लालकडून हिरव्याकडे झुकतं आणि डोळ्याला ती कच्च्या लिंबाची झाक दिसते. चांदी आणखी वाढवली तर निळाही पुरता परत येतो आणि रंग पांढऱ्याकडे जातो, म्हणून हिरवेपणाला मधला एक पट्टा आहे. तांबं उलट वागतं, ते हिरवाही गिळतं, म्हणून लाली येते. काकांना हे सगळं इलेक्ट्रॉनबिलेक्ट्रॉन माहीत नाही पण ते एका वाक्यात म्हणाले, "चांदी हिरव्याकडे ओढते, तांबं लालकडे, आणि सोनं बिचारं मध्ये उभं." मला तरी ह्याहून सोपं सांगता येणार नाही.

थोडं आणखी आत जायचं तर सोनं पिवळं का आणि चांदी का नाही ह्याचं उत्तर चक्क आइनस्टाइनच्या सापेक्षतेत आहे. सोन्याचा अणू जड, केंद्रात ७९ प्रोटॉन, त्यांच्या ओढीमुळे अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त, साधारण ५८ टक्के वेगाने फिरतात असं गणित येतं. इतक्या वेगाला इलेक्ट्रॉन जड झाल्यासारखा वागतो, कवचं आकसतात, आणि बाहेरच्या ज्या दोन पातळ्यांमध्ये इलेक्ट्रॉन उडी मारतो त्यांतलं अंतर कमी होऊन निळ्या प्रकाशाच्या ऊर्जेइतकं होतं. म्हणून सोनं निळा गिळतं. चांदीत ४७ च प्रोटॉन, तिथे हा परिणाम फार कमी. हे झालं नसतं तर सोनंही चांदीसारखंच पांढरं असतं आणि आपल्या लग्नांचे फोटो कसे दिसले असते कोण जाणे.

हे मिश्रण काही आजकालच्या डिझायनरांनी शोधलेलं नाही. निसर्गात खाणीतून, नदीच्या वाळूतून निघणाऱ्या सोन्यात चांदी मिसळलेली असतेच, आणि ती भरपूर असली की त्या नैसर्गिक मिश्रणाला इलेक्ट्रम म्हणतात. प्राचीन इजिप्तमध्ये ओबेलिस्कच्या, म्हणजे उंच दगडी खांबांच्या, टोकांवर इलेक्ट्रमचा पत्रा चढवायचे, सूर्य उगवला की टोक लखलखायचं. आजच्या पश्चिम तुर्कीत लिडिया नावाचं राज्य होतं, त्याची राजधानी सार्डिस, शेजारून पॅक्टोलस नदी वाहायची आणि तिच्या वाळूत इलेक्ट्रम सापडायचं. जगातली सगळ्यात जुनी म्हणतात ती नाणी इथलीच, इसवी सनपूर्व सातव्या शतकातली, इलेक्ट्रमची, सिंहाचं डोकं उमटवलेली. पुढे इसवी सनपूर्व सहाव्या शतकात क्रोइसस राजाच्या वेळी तिथे सोनं आणि चांदी वेगळी करायची कला आली आणि मग वेगवेगळी नाणी पाडायला लागले. रोमन लेखक प्लिनी तर लिहून गेलाय की सोन्यात पाचवा हिस्सा चांदी असली की त्याला इलेक्ट्रम म्हणायचं. आणि मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे इलेक्ट्रम आणि इलेक्ट्रॉन हे दोन्ही शब्द एकाच ग्रीक शब्दातून आलेत, ज्याचा दुसरा अर्थ अंबर, तो पिवळा पारदर्शक डिंकासारखा दगड. ज्या इलेक्ट्रॉनांमुळे ह्या धातूला रंग येतो त्यांचं आणि ह्या धातूचं नाव सख्ख्या बहिणींसारखं निघालं.

दागिन्यांत हिरवं सोनं मुख्यतः पानांसाठी वापरलं गेलं आणि ते अगदी बरोबर आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये चार रंगांच्या सोन्याची फॅशन होती, तपकिरीच्या डब्यांवर पिवळं, लाल, पांढरं आणि हिरवं सोनं बसवून फुलांच्या माळा करायचे, पानं हिरव्याची आणि पाकळ्या लालच्या. रशियाच्या फाबर्जे ह्या प्रसिद्ध जवाहिऱ्याच्या कामातही हे रंगीत सोनं दिसतं. अमेरिकेत साउथ डकोटामध्ये १८७० च्या दशकात सोन्यासाठी झुंबड उडाली, तिथून ब्लॅक हिल्स गोल्ड नावाची पद्धत निघाली, द्राक्षाचे वेल, त्यांची पानं हिरव्या आणि गुलाबी सोन्याची, ती आजही विकली जाते. आमच्या आजीच्या फुलाचा कारीगर कोण होता ते आता कळायला मार्ग नाही, पण त्याच्या हातात ह्याच जातीची समज होती. एकच गोष्ट मला ते फूल परत परत बघताना कळली, हिरवं सोनं एकटं ठेवलं तर हिरवं वाटतच नाही, फिकं वाटतं. पिवळ्या किंवा लाल सोन्याशेजारी ठेवलं की मग ते हिरवं दिसतं, डोळा शेजारच्याशी तुलना करतो. म्हणून आजीने पानं केसांत लपवली तेव्हा फुलाचंही निम्मं रूप गेलं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, तो म्हणजे कॅडमियम. जास्त गडद हिरवा रंग हवा तर काही जुन्या कृतींमध्ये सोन्यात कॅडमियम घालायचे, ७५ टक्के सोनं, थोडी चांदी, थोडं तांबं आणि २ ते ४ टक्के कॅडमियम. रंग सुंदर येतो पण कॅडमियम विषारी आहे, कॅन्सर करणारा म्हणून जाहीर झालेला धातू, मूत्रपिंड आणि फुप्फुसं खराब करतो. आणि त्रास दागिना घालणाऱ्यापेक्षा घडवणाऱ्याला जास्त. कारण बघा, सोनं वितळतं १०६४ अंशांना आणि कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळून त्याची वाफ होते. म्हणजे सोनं पातळ व्हायच्या कितीतरी आधी कॅडमियमचा धूर त्या छोट्या खोलीत भरतो आणि फुंकणीवर वाकलेला कारीगर तो धूर छातीत घेतो. आपल्याकडे "केडीएम" हा शब्द सगळ्यांना माहीत आहे, दुकानाच्या पाट्यांवर अभिमानाने लिहायचे, ते हेच, दागिना जोडायच्या टाक्यात ९२ भाग सोनं आणि ८ भाग कॅडमियम. जुन्या तांब्याचांदीच्या टाक्याने दागिन्याचा टंच घसरायचा, केडीएमने तो टिकायचा म्हणून ते लोकप्रिय झालं, पण त्याची किंमत कारीगरांनी दिली आणि शेवटी बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, ते बंद केलं. युरोपात दागिन्यात कॅडमियम वजनाच्या ०.०१ टक्क्याच्या वर चालत नाही. काका सांगत होते की त्यांच्या बरोबरीचे दोघंजण पन्नाशीतच दम लागून बसले. त्यामुळे कोणी गडद हिरवं सोनं दाखवलं तर पहिला प्रश्न रंगाचा नाही, ह्यात कॅडमियम आहे का हा विचारा आणि मशीनवर बघून घ्या. नुसत्या चांदीचं हिरवं सोनं त्या बाबतीत एकदम निर्धोक आहे, रंग जरा सौम्य असतो एवढंच.

मग त्या दुकानातल्या कसोटीने चूक का दाखवली? कसोटीवर रेघ ओढतात आणि तिची तुलना माहीत असलेल्या टंचाच्या रेघेशी करतात. पण ती तुलनेची रेघ तांबं घातलेल्या पिवळ्या सोन्याची असेल तर चांदीवालं सोनं तिच्याशेजारी फिकंच दिसणार. तुलना चांदीवाल्याच रेघेशी व्हायला हवी. मशीन एक्सरेने अणू ओळखतं म्हणून रंगाने फसत नाही, पण तेही फक्त वरचा पातळ थर वाचतं, मुलामा असेल तर गंडू शकतं. शेवटचा शब्द भट्टीत गाळून केलेल्या तपासणीचा, त्यात मात्र थोडं सोनं काढून द्यावं लागतं.

स्वभावाने हे सोनं मऊ आहे. सोन्याचा आणि चांदीचा अणू आकाराने जवळजवळ सारखे, त्यामुळे ते एकमेकांत कुठल्याही प्रमाणात मजेत मिसळतात, पण त्यामुळेच घट्टपणा येत नाही. तांब्याचा अणू लहान, तो मध्ये घुसला की रचनेत अडथळा येतो आणि धातू कडक होतो. म्हणून हिऱ्याला धरून ठेवणारे दात हिरव्या सोन्याचे करू नयेत, रोज घासणाऱ्या बांगड्याही नकोत, पानं, कानातलं, ब्रोच, पेंडंट ह्यांना छान. थोडं तांबं घातलं तर बळ येतं पण हिरवेपणा तेवढा कमी होतो, तो तोल कारीगराने साधायचा. नोबेलची पदकंसुद्धा १९८० पर्यंत २३ कॅरेटची असायची, नंतर १८ कॅरेट हिरव्या सोन्यावर २४ कॅरेटचा मुलामा अशी व्हायला लागली.

नावाचा घोळ पण आहे. आपल्या मध्य प्रदेशात हरा सोना म्हणजे तेंदूपत्ता, कोणी बांबूलाही म्हणतं. काही ब्रँड पर्यावरण सांभाळून काढलेल्या किंवा जुनं आटवून केलेल्या सोन्याला ग्रीन गोल्ड म्हणतात, त्याचा रंगाशी संबंध नाही. पोपटासारखं हिरवंगार काही दिसलं तर तो मीना आहे, वर चढवलेला काचेसारखा रंग, धातू नाही. आणि अंगठीखाली बोट हिरवं पडतं ना, ते तर बरोबर उलट, तिथे तांब्यावर घामाचा परिणाम होऊन हिरवे क्षार तयार होतात. हिरव्या सोन्यात तांबं नसतं किंवा अगदी थोडं असतं, म्हणून ते बोट हिरवं करत नाही. फार दिवस पडून राहिलं तर चांदीमुळे किंचित काळवंडू शकतं, रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून मऊ ब्रशने पुसलं की झालं.

घेताना दुकानातल्या पिवळ्या लाइटखाली बघू नका, त्यात हिरवट झाक मरते. दाराशी या, पांढऱ्या कागदावर ठेवा, शेजारी आपली २२ कॅरेटची चेन ठेवा. हॉलमार्कला बीआयएसचं चिन्ह, १८के७५०, आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख नंबर, तिन्ही असायला हवं, १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि बीआयएस केअर अ‍ॅपवर तो नंबर टाकून बघता येतो. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला मात्र हॉलमार्कची सक्ती नाही, चिमुकल्या पानांच्या बाबतीत हे लक्षात ठेवा. मोडीला देताना शुद्ध सोन्याचेच पैसे धरतात, ८ ग्रॅमच्या १८ कॅरेटमध्ये ६ ग्रॅम सोनं, दोन ग्रॅम चांदीचं सहसा कोणी काही देत नाही. पण ते रोझ गोल्डलाही तसंच आहे, हिरवं म्हणून कमी भाव कोणी लावला तर ऐकून घेऊ नका.

आईने फूल आटवलं नाही. उलट तिने काकांना त्याच पानांसारखी कानातली करायला सांगितली आणि आम्ही दोघी तिथेच बसलो. काकांनी ६ ग्रॅम चोख सोनं आणि २ ग्रॅम चांदी मुशीत टाकली, वर चिमूटभर टाकणखार, आणि ज्योत लावली. आधी चांदी कडेने ओघळली, मग सोनं बसलं, आणि एका क्षणाला दोघांचा मिळून एकच थरथरता लाल थेंब झाला. ओतलेली कांडी गार झाली तेव्हा मळकट दिसत होती, मी जरा खट्टू झाले. काकांनी ती तेजाबाच्या पाण्यात टाकली, धुतली, एका कडेला घासली, आणि काही न बोलता आईच्या हातातल्या पाटलीशेजारी धरून खिडकीकडे केली. आईने बराच वेळ बघितलं आणि मग पिशवीतून आजीचं फूल काढून त्याची पानं त्या कांडीला लावून बघितली.